रोमन नाणी जमवायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यापारी नाही. अठरा वर्षांत साठेक रोमन नाणी जमवली, त्यातली सात विकली आणि दोन खोटी निघाली, एवढंच माझं भांडवल. ओळखीतले लोक, त्यांची कॉलेजातली मुलं, सोसायटीतले काका फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. इथे 'रोमन नाणी' म्हणजे सम्राटांच्या काळातली, इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टस सत्तेवर आला तिथपासून इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेकडचं साम्राज्य संपलं तिथपर्यंतची. त्याआधीची प्रजासत्ताकाची आणि नंतरची बायझंटाइन नाणी हे वेगळे छंद आहेत, आणि तेही तितकेच खर्चिक.

दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं आपल्यासारख्याला परवडतं तरी का?

परवडतं. लोकांना वाटतं, जुनं म्हणजे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणजे महाग. रोमन नाण्यांच्या बाबतीत यातला पहिला दुवाच तुटतो. त्या काळी आजच्यासारख्या बँका नव्हत्या. घाबरलेला माणूस पैसे मडक्यात घालून पुरायचा आणि बऱ्याचदा परत यायचाच नाही. २०१० मध्ये इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी सापडली, वजन १६० किलोच्या आसपास. एकाच मडक्यात! युरोपभर असे निधी शेकडो वर्षं निघत आले आहेत.

म्हणून कॉन्स्टंटाइन घराण्यातलं चौथ्या शतकातलं एखादं लहान तांब्याचं नाणं, चेहरा ओळखू येईल आणि अक्षरं लागतील अशा स्थितीत, दोन-तीन हजार रुपयांत मिळू शकतं. ट्राजन, हेड्रियन किंवा सेव्हेरस घराण्याच्या काळातलं चांदीचं डेनारियस आठ-दहा हजारांपासून पुढे. मोठं पितळी सेस्टर्टियस चांगल्या स्थितीत हवं असेल तर खिसा बराच मोकळा करावा लागतो. सोन्याच्या ऑरियसचा हिशेब लाखांत. मी ते काचेआड बघतो आणि घरी येतो.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली नाणी रोमन आहेत का हो?

नाहीत. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की वर घेतला. आपल्याकडची पुतळी व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवरून आलेली आहे. त्या नाण्यावर व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज घेतो आहे असं चित्र असायचं. १२८४ पासून १७९७ पर्यंत ते जवळजवळ न बदलता पाडलं गेलं आणि समुद्रमार्गे आपल्याकडे भरपूर आलं. पुढे आपल्या सोनारांनी त्या दोन आकृत्यांच्या आपापल्या समजुतीप्रमाणे 'पुतळ्या' केल्या. तेव्हा आजीची माळ रोमन नसली तरी तिचा इटलीशी संबंध आहे, हे आजीला जरूर सांगा.

रोमन सोन्याच्या नाण्यांना कडी लावून किंवा भोक पाडून दागिना केल्याची उदाहरणं दक्षिण भारतात आहेत. पण तशी एखादी तुमच्या लॉकरमध्ये असण्याची शक्यता जवळपास शून्य.

नाण्यांची नावं ऐकून डोकं फिरतं. सोप्यात सांगाल?

ऑगस्टसने घालून दिलेली घडी अशी: एक सोन्याचा ऑरियस म्हणजे २५ चांदीचे डेनारियस. एक डेनारियस म्हणजे ४ सेस्टर्टियस. एक सेस्टर्टियस म्हणजे ४ अ‍ॅस, आणि मध्ये २ अ‍ॅसचं ड्युपॉन्डियस. सेस्टर्टियस आणि ड्युपॉन्डियस पितळेचे, अ‍ॅस तांब्याचा. आपल्या रुपये-आणे-पैच्या हिशेबात वाढलेल्यांना हे अजिबात जड जात नाही, दशमानवाल्यांना जातं.

अंदाज यावा म्हणून सांगतो, ऑगस्टसच्या फौजेतल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ डेनारियस होता, म्हणजे ९ ऑरियस, आणि तो तीन हप्त्यांत मिळायचा. चार महिने ढाल वाहून तीन सोन्याची नाणी, त्यातूनही जेवण-कपड्यांचे पैसे कापून. नंतर डोमिशियनने पगार ३०० केला.

ड्युपॉन्डियस आणि अ‍ॅस आकाराने सारखेच आणि दोन्ही काळेहिरवे पडलेले असतात, मग ओळखायचे कसे? नीरोच्या काळापासून ड्युपॉन्डियसवर सम्राटाच्या डोक्यावर बहुधा सूर्यकिरणांचा टोकदार मुकुट असतो आणि अ‍ॅसवर पानांची माळ. तो टोकदार मुकुट म्हणजे 'दुप्पट' अशी खूण. ती लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

चांदीचं म्हणून घेतलेलं नाणं तांब्याचं दिसतंय. फसवलं का?

बहुधा नाही. फसवलं ते सम्राटाने, आणि तुम्हाला नाही, त्याच्या प्रजेला.

ऑगस्टसचा डेनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा, एका रोमन पौंडात ८४ नाणी, म्हणजे नाणं ३.९ ग्रॅमच्या आसपास. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडात ९६ नाणी बसवली आणि चांदीही घटवली. पुढचे सम्राट कधी थोडं सावरत, कधी आणखी उतरत राहिले. सेप्टिमियस सेव्हेरसने दुसऱ्या शतकाच्या शेवटी चांदी निम्म्यावर आणली, कारण सैन्याचा पगार वाढवला होता आणि चांदी वाढत नव्हती.

मग इ.स. २१५ मध्ये कॅराकल्लाने नवं नाणं काढलं. आपण त्याला अँटोनिनियानस म्हणतो. (हे नाव संग्राहकांनी सोयीसाठी रुळवलेलं, रोमन माणूस त्याला काय म्हणायचा ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.) त्यावर तोच टोकदार मुकुट, म्हणजे किंमत दोन डेनारियस, पण आतली चांदी दीड डेनारियसएवढीच. असल्या युक्तीचा शेवट काय होतो हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. लोकांनी जुनी चांगली नाणी दाबून ठेवली, बाजारात वाईट नाणी फिरली, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांत, क्लॉडियस गॉथिकसच्या काळात, अँटोनिनियानसमध्ये चांदी जेमतेम दोन-तीन टक्के उरली. आत तांबं, वर चांदीचा पातळ मुलामा. आपल्याकडच्या कल्हईच्या पातेल्यासारखंच, वापरात आलं की कल्हई उडते आणि तांबं डोकावतं. म्हणून गॅलिएनस, क्लॉडियस, ऑरेलियन यांची नाणी तांब्याची दिसतात. मुलामा टिकलेलं मिळालं तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

डायोक्लीशियनने २९४ च्या सुमारास नवी मोठी नाणी आणून घडी बसवायचा प्रयत्न केला, ३०१ मध्ये वस्तूंचे कमाल भाव ठरवणारं फर्मानही काढलं, पण भाव काही ऐकेनात. खरं स्थैर्य आलं ते कॉन्स्टंटाइनच्या सोन्याच्या सॉलिडसमुळे, पौंडात ७२ नाणी. त्याचा कस पुढे जवळपास सातशे वर्षं टिकला.

मला विचाराल तर हा तिसऱ्या शतकाचा घसरणीचा काळच जमवायला सगळ्यांत मजेदार. सेव्हेरसपासून ऑरेलियनपर्यंत आठ-दहा नाणी एका ओळीत मांडा. महागाई म्हणजे काय ते कुठलाही तक्ता न बघता डोळ्यांना दिसतं, आणि सगळी ओळ मिळून एका बऱ्या मोबाइलपेक्षा स्वस्त पडते.

त्यावरची अक्षरं कशी वाचायची? मला लॅटिन येत नाही.

मलाही येत नाही. वीसेक संक्षेप पाठ केले की भागतं, आणि माझ्या मते या छंदाचं सगळं सुख इथेच आहे. जे नाणं वाचता येत नाही ते विकत घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो.

एक उदाहरण घेऊ. ट्राजनच्या एका नेहमीच्या डेनारियसवर छाप्याच्या बाजूला, रोमन अक्षरांत, असं असतं: 'इंप त्रायानो आउग गेर दाक, पी एम, टी आर पी, कॉस पाच, पी पी'. इंप म्हणजे इंपेरातोर, सेनापती-सम्राट. आउग म्हणजे ऑगस्टस ही पदवी. गेर आणि दाक म्हणजे जर्मन आणि डेशियन लोकांना जिंकणारा. पी एम हा मुख्य धर्माधिकारी, टी आर पी ही लोकप्रतिनिधीची सत्ता, पी पी म्हणजे राष्ट्रपिता. आणि कॉस पाच म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, रोमचा वर्षभरासाठी नेमलेला सर्वोच्च अधिकारी. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला इ.स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे हे नाणं १०३ ते १११ या काळातलं. सन छापलेलाच नाही, तरी तुम्ही सन काढलात!

आता काट्याच्या बाजूला बघा: 'एस पी क्यू आर ओप्तिमो प्रिंकिपी'. सर्वोत्तम नेत्याला, सेनेट आणि रोमन जनतेकडून. छाप्यावर 'त्रायानुस' न म्हणता 'त्रायानो' का म्हटलं होतं ते इथे कळतं. ती चतुर्थी आहे, आपल्या शाळेतली 'स, ला, ते'. ट्राजनला. दोन्ही बाजू मिळून एकच वाक्य होतं, कर्ता एका बाजूला आणि संप्रदान दुसऱ्या बाजूला. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं होतं. तिने 'बरं' म्हटलं आणि कूस बदलली.

तीन सवयी लावून घ्या. लॅटिनमध्ये 'यू' अक्षर 'व्ही'सारखं कोरतात, त्यामुळे ऑगस्टसची अक्षरं पहिल्या नजरेला ओळखू येत नाहीत. लेख बहुधा डाव्या खालच्या बाजूला सुरू होऊन घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असं नाही. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून काट्याच्या तळाशी टांकसाळीची खूण येते: कुठे सिस्किया (आजचं क्रोएशियातलं सिसाक), कुठे ट्रिअर, अँटिओक, अलेक्झांड्रिया. लंडनची टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे तिथल्या नाण्यांना इंग्रज संग्राहक आवर्जून जास्त पैसे मोजतात.

काय जमवू? बारा सीझर पूर्ण करायचे म्हणतोय.

सगळेच असं म्हणतात. ज्युलियस सीझर ते डोमिशियन अशी ही बारा जणांची यादी सुएटोनियसच्या चरित्रांवरून पडली. अकरा जण पैसे टाकले की मिळतात, मग गाडी अडते ऑथोपाशी. इ.स. ६९ मध्ये तो जेमतेम तीन महिने सम्राट होता. रोमच्या टांकसाळीतून त्याची फक्त सोन्या-चांदीची नाणी निघाली, म्हणून स्वस्त तांब्याचा पर्यायही नाही. (त्याच्या डोक्यावरचे ते शिस्तीत बसवलेले केस म्हणजे टोप होता, असं सुएटोनियस सांगतो. नाण्यावर टोप तेवढा ओळखता येतो.) बारा सीझरांचा नाद वाईट नाही, पण त्यात बाराव्या जागेसाठी अकरांएवढे पैसे जातात.

त्यापेक्षा एखादा विषय धरा. प्राण्यांचा धरलात तर इ.स. २४८ मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून सम्राट फिलिपने काढलेली मालिका आहे: सिंह, हरणं, पाणघोडा आणि दोन पिल्लांना पाजणारी लांडगीण. इमारतींचा धरलात तर व्हेस्पेशियनच्या मुलाचं, टायटसचं, कलोसियमचं नाणं फक्त स्वप्नात, पण मंदिरं, दरवाजे, छावणीचे बुरूज स्वस्तात. हेड्रियन आयुष्यभर साम्राज्यात हिंडला आणि प्रांतोप्रांतीची नाणी काढली. ईजिप्तच्या मूर्तीच्या हातात सिस्त्रम नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य, समोर बगळ्यासारखा आयबिस. राण्यांची नाणी जमवणाराही एक मोठा वर्ग आहे: फॉस्टिना, जुलिया डोम्ना, आणि दर दहा वर्षांनी बदलणारे त्यांचे अंबाडे.

मी देवता जमवतो. एका हातात धान्याची कणसं घेतलेली आन्नोना, तराजू धरलेली एक्विटास, नागाला वाटीतून पाजणारी सालूस. ती सालूस पाहून माझी आई म्हणाली, 'ही तर नागपंचमी.' ती आरोग्याची देवता आहे आणि तिचा नाग वेगळ्या गोष्टीतला, हे मी समजावलं, पण आमच्या घरात त्या नाण्याला आजही नागपंचमीच म्हणतात.

भारतात रोमन नाणी सापडतात ना? मग महाराष्ट्रात?

भारतात सापडतात, आणि पुष्कळ. पण बहुतेक दक्षिणेत. कोइम्बतूर-करूरचा पट्टा, आंध्र-तेलंगण, केरळचा किनारा. चांदीत दोन नाणी सतत दिसतात. एक ऑगस्टसचं, ज्याच्या मागे त्याचे नातू गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. दुसरं टायबेरियसचं, ज्याच्या मागे खुर्चीवर बसलेली बाई आहे. नीरोने चांदी घटवण्याआधीची ही नाणी. मिऱ्यांच्या व्यापाऱ्याला बरोबर कळत होतं कुठलं नाणं घ्यायचं. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तक्रार करून ठेवली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो.

तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ सोन्याची नाणी निघाली, आणि त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा घाव आहे. सोनं आतून खरं आहे का हे तपासायला? की हे आता नाणं नाही, नुसतं सोनं आहे, हे जाहीर करायला? अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. नुसता कस बघायचा तर घाव कडेला घालूनही भागलं असतं, म्हणून मला दुसरं पटतं.

महाराष्ट्रात रोमन नाणी तुरळक सापडतात, पण रोमन पाऊलखुणा भरपूर आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात कल्याण, चौल, पैठण आणि तेर यांची नावं येतात, आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांवर नफा घेऊन बदलली जात, असंही तो सांगतो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली. तेरला तर मातीत उठवलेल्या रोमन नाण्यांच्या नकला मिळाल्या आहेत, गळ्यात घालायच्या. ज्याच्याकडे सोन्याचं नाही त्याने मातीचं घातलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ३५ कार्षापणांना (चांदीच्या नाण्यांना) एक 'सुवर्ण' असा भाव दिलेला आहे. हे सुवर्ण म्हणजे रोमन ऑरियस असं काही अभ्यासक मानतात, काहींना ते कुषाणांचं वाटतं. शब्दही राहिले. संस्कृतातला 'दीनार' थेट डेनारियसवरून, आणि आपला 'दाम' ग्रीक द्राख्मेवरून. 'दाम करी काम' म्हणताना आपण अर्धं ग्रीक बोलतो.

शेतात नांगरताना जुनं नाणं सापडलं. ठेवू का?

ठेवू नका, विकू तर अजिबात नका. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सापडलं त्या जागेचे फोटो काढा, मडकं असेल तर त्याचे तुकडेही जपा, नाणी धुवू नका. मडक्यात वर काय आणि तळाशी काय होतं यावरून पुरणाऱ्याने ते एकदम भरलं की वर्षानुवर्षं साठवलं हे कळतं.

इंग्लंडात सापडलेलं गुप्तधन सरकारजमा झालं तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बाजारभावाने मोबदला मिळतो, त्यामुळे लोक कळवतात. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याचा मित्र यंत्र घेऊन तो शोधायला गेला आणि सापडली जवळपास पंधरा हजार रोमन नाणी आणि दागिने. त्याने खणणं थांबवून कळवलं. हातोडाही मिळाला. तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

खोटं नाणं कसं ओळखायचं?

फोटोवरून खात्रीने नाही ओळखता येत, हे आधी मान्य करा. माझ्या दोन खोट्या नाण्यांतलं एक मी फोटो बघूनच घेतलं होतं. दुसरं परदेशात फिरायला गेलो असताना अवशेषांच्या बाहेर एका माणसाने खिशातून काढून दाखवलं, 'शेतात मिळालं' म्हणाला. मातीही लावलेली होती. तीन महिन्यांनी तेच नाणं, काठावरच्या त्याच चिरेसकट, दुसऱ्याकडे विकायला दिसलं. हीच सगळ्यांत पक्की खूण. खरी नाणी हाताने, हातोड्याने पाडलेली असत, त्यामुळे ठसा तोच असला तरी काठ, चिरा, मध्यापासून सरकलेपण दोन नाण्यांत सारखं येत नाही. सारखं आलं तर एक तरी ओतीव आहे, बहुधा दोन्ही.

बाकी खुणा: काठावर सांध्याची रेघ किंवा ती कानशीने घासल्याचा मागोवा, पृष्ठभागावर बारीक फोड, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, वजन भलतंच. दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढी हत्यारं घ्याच. सोळाव्या शतकात पादुआच्या कॅविनोने आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बेकरने इतकी सुबक नकली नाणी केली की आज त्यांचीच स्वतंत्र किंमत आहे.

आणि एक गंमत: तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली डेनारियस त्याच काळातली खोटी नाणी आहेत. ती आपण 'प्राचीन नकली' म्हणून जमवतो. त्या काळी ती करणाऱ्याचं काय झालं असतं ते न विचारलेलं बरं.

विकत कुठून घेऊ?

जो विक्रेता 'नाणं खोटं निघालं तर कधीही परत' असं लेखी देतो त्याच्याकडून. जुन्या लिलावघरांकडून घेताना बोलीवर वीस टक्क्यांच्या आसपास त्यांचं कमिशन, टपाल आणि इथे आल्यावर सीमाशुल्क धरा. मगच बोलीचा आकडा ठरवा. 'न धुतलेली शंभर नाणी, नशीब आजमावा' असल्या पुड्या घेऊ नका. त्यातली चांगली आधीच कुणीतरी काढून घेतलेली असतात, आणि उरलेली कुठल्या शेतातून चोरून उपटली ते कुणी सांगत नाही.

नाण्याबरोबर कागद मागा. आधी कोणाच्या संग्रहात होतं, कुठल्या लिलावात विकलं गेलं. २०२० च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये ब्रुटसचं एक सोन्याचं नाणं ३२ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. एका बाजूला ब्रुटसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये टोपी आणि खाली सीझरच्या खुनाची तारीख. (काटेकोर बोलायचं तर ते सम्राटांच्या आधीचं आहे.) पुढे उघड झालं की त्याची मालकीहक्काची कहाणी बनावट होती, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतून ते ग्रीसला परत गेलं. एवढ्या महाग नाण्याची ही गत, तर आपण दोन ओळींचा कागद मागायला लाजायचं कशाला?

नाणं लख्ख करायला काय लावू?

काही नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, टूथपेस्ट नाही. तांब्या-पितळेवरचं हिरवं, तपकिरी, काळं आवरण म्हणजेच पॅटिना. ते गेलं की नाण्याची किंमत आणि रूप दोन्ही जातं. एका मित्राच्या घरी पाहुण्या आलेल्या मावशींनी दिवाळीच्या सफाईत देव घासताना त्याचं डोमिशियनचं अ‍ॅसही घासून दिलं, प्रेमाने. आता ते दारावरच्या कडीसारखं दिसतं.

माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस ठेवून लाकडी दातकोरणीने हळूहळू काढा. फक्त एका गोष्टीत घाई करा: फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने सुटणारी बुरशी दिसली तर. तो ब्राँझचा रोग. धातूतलं क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून नाणं आतून खातात. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं हे नाणं कळकत जातं. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, भुकटी काढा, डिस्टिल्ड पाणी बदलत बदलत भिजवा आणि पूर्ण वाळवा.

मुंबई-कोकणच्या हवेत ठेवायचं कसं?

हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर महिन्याला बदलायच्या किंवा तापवून परत वापरायच्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक टाळा, त्यातून नाण्यावर हिरवट चिकटा येतो. सागाच्या पेटीचा मोह मलाही झाला होता, पण लाकडाचे आम्ल वाफारे तांब्याला चालत नाहीत. नाणं काठांनी धरा.

गुंतवणूक म्हणून कसं?

नका. सोनं घ्या.

विकत घेतलेलं नाणं पुन्हा परदेशी नेता येईल?

जपून. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनं नाणं येतं. खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा नाही, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. नाणं बाहेरून आलेलं आहे हे सिद्ध करायला पावती, सीमाशुल्काचा कागद, पाकीट, सगळं जपून ठेवा. दुबई किंवा न्यू जर्सीला असलेल्या मराठी मंडळींना माझा सल्ला: तिथे घेतलेली नाणी तिथेच ठेवा, सुट्टीत इकडे मिरवायला आणू नका.

अभ्यास कुठून करू?

'रोमन इंपीरियल कॉइनेज' ही दहा खंडांची सूची सगळ्यांचा आधार. पहिला खंड १९२३ चा, दहावा १९९४ चा. विक्रेते नाण्याखाली जे क्रमांक लिहितात ते बहुधा यातलेच. विकत घ्यायची गरज नाही, कारण अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने त्यावर आधारलेली 'ओक्रे' ही सूची इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. सम्राट, धातू, लेखातला एखादा शब्द टाकला की फोटोंसह नाणं समोर येतं. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची संस्था आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय. आणि चेन्नईला गेलात तर एग्मोरचं सरकारी संग्रहालय चुकवू नका, दक्षिणेतल्या निधींतली रोमन नाणी तिथे आहेत.

तुमच्यानंतर या नाण्यांचं काय होणार?

हा प्रश्न आमच्या मुलीने विचारला, आणि तिला छंद नाही हे तिने तेव्हाच स्पष्ट केलं. म्हणून प्रत्येक नाण्याच्या खाली आता एक चिठ्ठी आहे: सम्राट, वजन, सूचीतला क्रमांक, कोणाकडून, कधी, किती पैशांना. आधीच्या मालकांच्या चिठ्ठ्याही फेकायच्या नाहीत. माझ्या एका हेड्रियनबरोबर शाईने लिहिलेली जर्मन चिठ्ठी आली आहे, पिवळी पडलेली, पत्त्याच्या पानाएवढी. त्यावर किंमत मार्कांत लिहिली आहे आणि तिच्यावर कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आहे. महाग वाटलं असणार.